'पाया'ला दुसरा शब्द सुचवा ना, अकरा वेळा झालाय

तिखटमीठ:
आमच्या शाळेतल्या बालवाडीच्या बाई रिटायर होतायत आणि मानपत्र लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. लिहून झाल्यावर वाचलं तर एका पानात 'पाया' अकरा वेळा, पाया घातला, पाया पक्का केला, पाया रचला... नवरा म्हणतो बाई होत्या की गवंडी. शब्दकोशात आधार, बैठक, अधिष्ठान, कणा, मूळ असं बरंच सापडलं, पण एकेक टाकून बघितला की वाक्य विचित्रच होतंय. शनिवारी कार्यक्रम आहे, वाचवा.

निवांत_नाना:
अहो ताई, हे शब्द भावकीतले असले तरी चुली वेगळ्या आहेत. कणा रोज कामावर असतो, शेती अर्थव्यवस्थेचा कणा म्हणतो ते त्यामुळे, ती बसली की सगळंच बसलं. पाया एकदा घातला की जमिनीखाली गेला, परत कोणी बघायलाही जात नाही. बाईंना कणा म्हणालात तर त्या शाळेचा कणा होतील, मुलांचा नाही. अधिष्ठान जड पडेल, समर्थांनी चळवळीला भगवंताचं अधिष्ठान पाहिजे म्हटलंय, तिथे ते शोभतं, बडबडगीतांत कुठे बसवणार. बैठक चालेल, गाणाऱ्याची बैठक पक्की म्हणतो ना, ती रोजच्या रोज बसूनच येते. फक्त आधारस्तंभ नको, तो फ्लेक्सवाल्यांनी पार संपवलाय, चौकाचौकात एक आधारस्तंभ हात जोडून उभा.

मुरूम_चुना:
मी बांधकामातला. आमच्यात पाया वेगळा न् जोतं वेगळं. पाया खणायचा, भरायचा, तो जमिनीच्या पोटात. जोतं वर दिसतं, त्याच्यावर भिंती उठतात. गावाकडं कोणी विचारलं घर कुठवर आलं, की सांगतात जोत्यापर्यंत आलंय. पोरं पहिलीत गेली तेव्हा बाईंनी त्यांना जोत्यापर्यंत आणलं होतं, असं लिहा की. आणि मुहूर्तमेढ म्हणजे पाया नव्हे हो, पेपरवाले सुद्धा खुशाल लिहितात. ती मांडवाची पहिली मेढ, मुहूर्तावर रोवायची, म्हणजे नुसती सुरुवात. कोनशिला तर नाव कोरायलाच असते.

शंकेखोर:
पायाभूत आणि मूलभूत राहिले. पायाभूत सुविधा म्हणजे रस्ते, पूल, वीज, आणि मूलभूत सुविधा म्हणजे प्यायचं पाणी, संडास. हक्क मात्र मूलभूतच, घटनेच्या तिसऱ्या भागातले, पायाभूत हक्क कोणी म्हणत नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संसद घटनादुरुस्ती करू शकते पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, तिथेही शब्द मूलभूतच रुळलाय.

निवांत_नाना:
मानपत्रात केशवानंद भारती आणू नका म्हणजे झालं.

झणझणीत_रस्सा:
बूड कोणी घेतलंच नाही! गंमत बघा, बिनबुडाचे आरोप चालतात, पण बूड असलेले आरोप कधी ऐकलेत का? बाईंनी मुलांचं बूड पक्कं केलं असं मात्र लिहू नका, अर्थ भलताच निघेल (बालवाडीत तेही करावं लागतं म्हणा).

तिखटमीठ:
हसून हसून मेले. अकराचे तीन उरलेत. दोन ठिकाणी शब्दच काढला आणि सरळ लिहिलं की 'ग' गिरवताना बाईंनी हात धरला होता, खडू मोडला तर अर्धा तुकडाच परत हातात द्यायच्या, नवा नाही. जोत्याचं वाक्य जसंच्या तसं उचललंय, मुरूमदादा आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, आता स्लॅब कधी?