बाजूच्या काचेवर उभे ओरखडे पडलेत, घासून जातात का?

धुळकट_डॅशबोर्ड:
नमस्कार मंडळी. ड्रायव्हर साइडच्या काचेवर उभे ओरखडे पडलेत, पार वरून खालपर्यंत, पाचसहा तरी असतील, त्यातला एक चांगला जाड आहे बाकी केसासारखे. दिवसा काही वाटत नाही पण ऊन तिरकं आलं की सगळे एकदम चमकतात आणि साइडच्या आरशात बघताना वैताग येतो. टूथपेस्टने जातात असं वाचलं म्हणून काल अर्धा तास घासत बसलो, हात भरून आला, काचेला पुदिन्याचा वास लागला आणि ओरखडे जिथल्या तिथे. आता एक जण म्हणतो खायचा सोडा लाव, दुसरा म्हणतो सरळ काच बदल. पुढच्या काचेवर पण वायपरने कमानीसारखा एक चरा काढलाय, त्याचंही सांगा कोणाला माहीत असेल तर.

गॅरेजमधला_भाचा:
आधी एक सांग, ओरखडे काचेच्या बाहेरून आहेत का आतून? आणि आतून फिल्म लावलीये का? हसू नकोस, बरेच जण बाहेरून घासत बसतात आणि चरा असतो आतल्या फिल्मवर. नखाची कड आडवी फिरवून बघ, आधी बाहेरून मग आतून, जिथे नख खटकन अडकेल तो खोल. नख अडकलंच नाही पण डोळ्याला दिसतोय तर तो वरवरचा, त्याचं काहीतरी करता येतं.

धुळकट_डॅशबोर्ड:
अरे देवा. फिल्म आहे, आधीच्या मालकाने लावलेली. आत्ताच खाली जाऊन बघून आलो. तीन ओरखडे आतून आहेत, फिल्मवर! बाहेरून दोन बारीक आणि तो एक जाड. जाडवाल्यात नख अडकतंय. म्हणजे काल निम्मी मेहनत भलत्याच बाजूने केली.

नेलपॉलिश_झिंदाबाद:
पारदर्शक नेलपॉलिश भर, मी भरलंय, दिसत नाही काही.

काचकाम_वीस_वर्षं:
नेलपॉलिश उभ्या काचेवर टिकत नाही हो, काच खालीवर झाली की बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, घासून निघतं, उन्हात पिवळं पडतं ते वेगळंच. मागच्या बंद काचेवर असेल तर एकवेळ ठीक.

धुळकटराव, तुमची टूथपेस्ट का चालली नाही ते सांगतो. टूथपेस्ट बनवतात दातासाठी, दाताला ओरखडा पडू नये अशी. दाताचं एनॅमल काचेपेक्षा मऊ, मग जी पेस्ट एनॅमलला सांभाळून घेते ती काचेचं काय वाकडं करणार? सोड्याची तीच गत, तो तर अजून मऊ. वाळू मात्र काचेपेक्षा कडक असते आणि तुमचे ओरखडे उभे आहेत म्हणजे चोर तिथेच आहे. दाराच्या वरच्या कडेला काच जिथून आत जाते तिथल्या रबराच्या पट्टीला मखमलीसारखी लव असते, त्या लवेत वाळूचा कण अडकून बसतो आणि दरवेळी काच खाली केली की तोच कण त्याच रेषेत खरवडतो. आतून पण पट्टी असते, तुमच्या फिल्मचे तीन ओरखडे तिचेच. आधी ती साफ करा, नाहीतर आज घासाल आणि पुढच्या आठवड्यात नवीन रेघ. काच पूर्ण खाली घ्या, जुना टूथब्रश ओला करून लवेतून फिरवा, मग ओलं फडकं पातळ पट्टीवर गुंडाळून ओढून घ्या, फडक्यावर करडी माती येते ती बघून तुम्हालाच पटेल. आणि धूळ असताना कोरडी काच खालीवर करू नका, ही सवय सोडली तरी अर्धं काम होतं.

आता घासायचं. काचेला चालतं ते सेरियम ऑक्साइड, गुलाबीसर नाहीतर पांढरट पावडर येते, चष्म्याच्या भिंगांना पण हेच वापरत आलेत. हे नुसतं खरवडत नाही, पाण्याबरोबर काचेच्या वरच्या थराशी थोडी रासायनिक क्रियाही होते, म्हणून काच गुळगुळीत निघते. पावडर पाण्यात कालवून दाटसर दुधासारखी करा. चऱ्याच्या मागे आतल्या बाजूने मार्करने खूण करा, नाहीतर बाहेर सगळं पांढरं झालं की चरा कुठे होता तेच कळत नाही. रबर आणि रंगाला मास्किंग टेप लावा. ड्रिलला फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं, पॅड लावायचं, स्पीड कमी, मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या वर जायचं नाही, पॅड सपाट टेकवायचं, सतत हलवत राहायचं आणि लगदा वाळू द्यायचा नाही, स्प्रेची बाटली दुसऱ्या हातात ठेवा. वाळला की घर्षण वाढतं, काच एका जागी तापते आणि तडकू शकते. मध्ये मध्ये हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर थांबा. उन्हात तर हे करूच नका, आणि पावडर कोरडी हाताळताना मास्क लावा.

बारीक दोन जातील. पण वेळ लागतो बरं का, पाच मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून जोर लावू नका.

गॅरेजमधला_भाचा:
आणि सेरियम आतल्या फिल्मला चुकूनही लावू नकोस, ती प्लॅस्टिकची असते, धुरकट होऊन बसेल. फिल्मचे चरे घालवायचा एकच उपाय, फिल्म काढून नवीन.

धुळकट_डॅशबोर्ड:
काका भारीच समजावलंत. आणि जाड चरा? अजून जोरात घासला तर?

काचकाम_वीस_वर्षं:
सोडून द्या. नख अडकतंय तेवढी खोली घालवायची म्हणजे आजूबाजूची सगळी काच तेवढी खाली आणायची, तिथे खळगा होतो आणि त्यातून बघितलं की मागची गाडी लाटेसारखी हलताना दिसते, भिंगातून बघितल्यासारखी. ओरखडा परवडला. शिवाय बाजूची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते, ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतात एकदम गार केलेली, तिची ताकद वरच्या दाबलेल्या थरातच असते. तो थर खोल खरवडायला जाऊ नये. फारच त्रास होत असेल तर बाजूची काच बदलणं हे पुढची बदलण्यापेक्षा खूप सोपं काम.

पुढची काच वेगळी, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. वायपरचा चरा तुमच्या नजरेसमोर असेल तर घरी पॉलिश नकोच, रात्री समोरचे दिवे त्या खळग्यात फुटतात. रेझिनचं किट, म्हणजे खड्ड्यात भरून घट्ट होणारा पारदर्शक द्रव, ते पण यासाठी नाही, ते दगड लागून उडालेल्या ठिकरीसाठी. वायपरची पाती आधी बघा, रबर फाटून आतली पट्टी घासत असेल.

धुळकट_डॅशबोर्ड:
अपडेट. पट्टी साफ केली, फडकं खरंच चिखलासारखं निघालं. बाहेरचे दोन्ही बारीक गेले, पाऊण तास लागला, एकदा पाणी मारायला विसरलो तर पॅड किंचाळायलाच लागलं, लगेच थांबलो. जाड आहे तिथेच आहे, कड जरा बोथट झाली म्हणून पूर्वीइतका चमकत नाही. फिल्म पुढच्या महिन्यात काढतो. आणि वायपर उचलून बघितला तर ड्रायव्हर साइडचं रबर टोकाला अर्धा बोट फाटलेलं, पत्रा बाहेर.

नेलपॉलिश_झिंदाबाद:
माझं मागच्या बंद काचेवरच आहे, म्हणून टिकलंय वाटतं 😅