आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बीपीची गोळी घ्यायची की नाही? दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत

कोथरूडकर_मुलगा
नमस्कार मंडळी, आईचं (वय ७१) डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या आठवड्यात आहे, इथेच पुण्यात. बरीच वर्षं टेल्मा एएम चालू आहे, बीपी साधारण १४०-८५ असतं. आमचे नेहमीचे फिजिशियन म्हणाले सकाळी गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या नाहीतर बीपी शूट होईल. पीएसीला (ऑपरेशनआधीची भूलेची तपासणी) भूलेचे डॉक्टर म्हणाले टेल्मा आदल्या दिवसापासून नको, आणि वर सहज बोलल्यासारखं म्हणाले की पाठीत इंजेक्शन दिल्यावर बीपी पडतंच, ते आम्ही बघतो. पडतंच म्हणजे काय?? त्यात मावशीने कुणाचं तरी ओटीत बीपी ७० वर आलेलं सांगितलं, तेव्हापासून आई म्हणतेय राहू दे, मी काठी घेऊन चालेन. कुणी नीट समजावून सांगेल का, आणि ऐकायचं कुणाचं?

भूलवाला_पुणे
भूलतज्ज्ञ आहे, रोजचं काम हेच. आधी 'पडतंच' बद्दल. स्पायनल, म्हणजे पाठीतलं भुलीचं इंजेक्शन, दिलं की दुखण्याच्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात, मग पायातल्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिथेच साठतं. सोसायटीच्या टाकीत पाणी तेवढंच पण सगळ्यांनी नळ एकदम सोडले तर प्रेशर जातं ना, तसंच. रक्त कमी झालेलं नसतं. हे आम्हाला आधीच माहीत असतं म्हणून बीपी वर आणणारं औषध सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार असतं आणि सुरुवातीला दर दोन-तीन मिनिटांनी कफ फुगतो. नाडी मंद असेल तर मेफेन्टरमिन, लागलं तर अॅट्रोपिन, नाडी पळत असेल तर फेनिलएफ्रिन, हल्ली नॉरअॅड्रेनॅलिनही बरेच जण वापरतात. बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत बीपी जागेवर येतं.

मावशींच्या ७० चं काय, तर नुसत्या आकड्यावरून काही सांगता येत नाही. किती वेळ राहिलं ते महत्त्वाचं. आम्ही वरच्या आकड्यापेक्षा मीन, म्हणजे सरासरी बीपी, बघतो (खालचं बीपी अधिक दोघांतल्या फरकाचा एक तृतीयांश), ते ६५ च्या खाली बराच वेळ राहिलं तर किडनी आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. आणि ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे त्यांना ६५ सुद्धा कमी पडू शकतं, म्हणून आईंचं नेहमीचं मीन जे शंभरच्या आसपास येतं त्याच्या फार खाली जाऊ द्यायचं नाही असा हिशोब असतो.

गोळीचं: टेल्मा एएम मध्ये दोन औषधं आहेत, टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन. अॅम्लो बहुतेक जण चालू ठेवतात. टेल्मिसार्टनमुळे भूल दिल्यावर पडलेलं बीपी कधीकधी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, मग व्हॅसोप्रेसिनसारख्या आणखी जोरदार औषधापर्यंत जावं लागतं. पण तुमचे फिजिशियन अगदी चूक आहेत असंही नाही हां, २०२४ मध्ये फ्रान्समधली मोठी ट्रायल आली, त्यात या गटातल्या गोळ्या चालू ठेवलेल्या आणि ४८ तास आधी थांबवलेल्या पेशंटमध्ये ऑपरेशननंतरची कॉम्प्लिकेशन्स सारखीच निघाली, फक्त चालू ठेवलेल्यांचं ओटीत बीपी जास्त वेळा पडलं. म्हणून त्या टेबलावर जो उभा राहणार त्याचं ऐका. त्या दिवशी साधी अॅम्लोची वेगळी गोळी द्यायची का हे त्यांनाच विचारा. घरी गोळी मधून तोडायचा प्रयोग नको, तोडून औषधं वेगळी होत नाहीत!

ओटीताई
डॉक्टरांनी सांगितलंच आहे, माझं एवढंच की सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. 'बीपीची छोटी पांढरी गोळी' एवढ्यावरून आम्ही काय ओळखणार? लघवीची गोळी, काढे, गुडघ्यासाठी कुणी आणून दिलेल्या पुड्या, सगळं दाखवा. आणि मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करायची नाही. दंड जाड असेल आणि कफ लहान लागला तर बीपी खोटंच जास्त दिसतं, ते आम्ही बघतोच.

रात्रपाळी_रेसिडेंट
सर थोडं अवांतर, आमच्याकडे सिनियर स्पायनलच्या आधी लिटरभर आरएल (सलाईन) द्यायला लावतात, तरीही पडतं. मग उपयोग काय?

भूलवाला_पुणे
@रेसिडेंट फारसा नाही. आधी दिलेलं आरएल बघता बघता वाहिन्यांच्या बाहेर जातं. स्पायनल देताना सोबत सोडलं तर थोडं बरं, पण खरं काम व्हॅसोप्रेसरचं, म्हणजे बीपी वर आणणाऱ्या औषधांचं. ७१ वर्षांच्या हृदयावर सलाईन ओतत बसलास तर स्पायनलचा असर उतरल्यावर तेच पाणी फुप्फुसात येऊ शकतं. आणि प्रत्येक वेळी स्पायनलवर ढकलू नकोस, टोर्निके (मांडीवर आवळलेला पट्टा) सुटल्यावर पडलं, नवीन सांधा बसवायचं सिमेंट भरताना पडलं, की अँटिबायोटिक गेल्यावर अंगावर चट्टे येऊन पडलं हे बघ. शेवटच्यात, म्हणजे अॅलर्जीत, मेफेन्टरमिन मारत बसायचं नाही, अॅड्रेनॅलिन. आणि रात्री दहापासून पाणीसुद्धा बंद करून पेशंट सुकवून आणतात ते आधी थांबवा, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं.

कोथरूडकर_मुलगा
खूप धन्यवाद सगळ्यांना. भूलेच्या डॉक्टरांना फोन केला, म्हणाले त्या दिवशी फक्त अॅम्लो, टेल्मा नंतर बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून चालू करू. आईला टाकीचं वाचून दाखवलं, आता तयार आहे, पण विचारतेय पाणी चालतं तर चहा का नाही?

भूलवाला_पुणे
दुधाचा असेल तर ६ तास आधी बंद, दूध पोटात जेवणासारखंच राहतं. कोरा २ तास आधीपर्यंत चालेल, तिथल्या डॉक्टरांना एकदा विचारून.

कोथरूडकर_मुलगा
कोरा म्हटल्यावर म्हणाली त्यापेक्षा पाणीच बरं 😄