मदत हवी आहे : आईबाबांबरोबर एका दिवसात द्राक्षमळे आणि जंगल पायी पाहायचे आहे

पिंपळपान
येत्या शनिवारी आईबाबांना घेऊन द्राक्षमळ्यांतून आणि जमल्यास थोड्या जंगलातून पायी फिरायचे आहे. रविवारी संध्याकाळी त्यांचे परतीचे विमान असल्याने हाताशी हा एकच दिवस आहे. नकाशे पाहून पाहून माझे डोके उठले आहे, तेव्हा ‘नेटवर सगळे मिळेल’ असे कृपया कोणी सांगू नये. एकच वाट सांगावी, पण नेमकी सांगावी.

भटक्या_०७
गंगापूर धरणाच्या परिसरात सकाळी लवकर गेल्यास चालणे सुखाचे होते. मात्र आता ऑक्टोबरमध्ये बागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालू असेल, त्यामुळे घड पाहण्याची आशा धरू नये; त्यासाठी जानेवारी ते मार्च हाच काळ योग्य आहे. जंगल म्हणाल तर नाशिकजवळ...

पिंपळपान
नाशिक नव्हे! आम्ही फ्रांकफुर्टला राहतो. हे मी लिहिले नव्हते, हे आता लक्षात आले.

रानवाटा
मग प्रश्नच मिटला. ऱ्हाइन नदीकाठच्या ऱ्हाइनगाउ या द्राक्षमळ्यांच्या भागात जावे आणि ऱ्हाइनश्टाइगवरून चालावे. बॉनपासून वीसबाडेनपर्यंत नदीच्या उजव्या काठाने जाणारी ही सुमारे ३२० किलोमीटरची पायवाट २००५ साली सुरू झाली. निळ्या पाटीवर पांढरा ‘आर’ दिसत राहिला की वाट चुकत नाही, आणि पिवळी पाटी दिसली तर ती गावातून मुख्य वाटेवर आणणारी जोडवाट समजावी. मी स्वतः रुडेसहाइमहून लॉर्खपर्यंतचा टप्पा दोनदा केला आहे आणि तो प्रत्येकाने करावा असे माझे ठाम मत आहे.

कावेरीकाठ
रानवाटा, आपण धागा न वाचता उत्तर देता. आईवडील बरोबर आहेत. पिंपळपान, त्यांची वये काय, चालण्याची सवय किती, आणि गाडी आहे की रेल्वेने जाणार, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पिंपळपान
गाडी नाही. बाबा ६८ वर्षांचे असून रोज पाच किलोमीटर चालतात. आई ६४ वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा दुखतो. जिना चढते, उतरताना मात्र कठड्याला धरते.

कावेरीकाठ
हे शेवटचे वाक्य पहिल्या पोस्टमध्ये हवे होते. आता ऐका. फ्रांकफुर्टहून आरबी १० ही गाडी वीसबाडेनमार्गे सव्वा तासाच्या आसपास रुडेसहाइमला पोहोचवते. तिथून दोन-दोन माणसांच्या उघड्या पाळण्यांची दोरगाडी द्राक्षमळ्यांवरून दहा मिनिटांत वर नीडरवाल्ड स्मारकापाशी नेते. स्मारकापासून बीच आणि ओकच्या जंगलातून जुन्या शिकारी महालापर्यंत जवळपास सपाट वाट आहे. मध्ये रोसेल नावाचा मुद्दाम भग्न बांधलेला बुरूज लागतो. अठराव्या शतकात एका सरदाराने आपल्या उपवनाच्या शोभेसाठी तो उभारला. तिथून खाली नदीतला उंदीरमनोरा आणि पलीकडचे बिंगेन दिसते. महालाजवळून खुर्च्यांची दोरवाट खाली आस्मानसहाउझेनला उतरते, आणि परत रुडेसहाइमला बोटीने किंवा रेल्वेने येता येते. गुडघ्याला उताराचा त्रास जवळजवळ नाही.

रानवाटा
दोरगाडीत बसून द्राक्षमळे पाहणे म्हणजे चालणे नव्हे. मूळ प्रश्नात ‘पायी’ असा शब्द आहे. वर चढणेच गुडघ्यांना सोपे असते. त्रास उतरण्याचा असतो. तेव्हा रुडेसहाइमहून मळ्यांतून वर चालत जावे.

कावेरीकाठ
दोनशे मीटरहून अधिक चढ, त्यात दक्षिणाभिमुख उतारावर सावलीला एक झाड नाही. आपल्या गुडघ्यांच्या हिशेबाने दुसऱ्याच्या आईला चालवू नये. शिवाय मळ्यांतले रस्ते ट्रॅक्टरसाठी डांबर किंवा काँक्रीटचे केलेले आहेत. पाहायला सुंदर, पण पायाला कठीण. आईंना जंगलातली माती बरी पडेल.

सांजवात
एक सावधगिरी सुचवते. आस्मानसहाउझेनच्या दोरवाटेची खुर्ची पूर्ण थांबत नाही. माझ्या सासूबाई बसल्या व्यवस्थित, पण खाली उतरताना गोंधळल्या. तिथल्या माणसाला आधीच सांगून ठेवल्यास तो हात देतो. आणि जंगलातून आल्यावर पोटऱ्या व गुडघ्यांमागची जागा गोचीडांसाठी तपासून घ्यावी.

खवय्या
या दिवसांत फेडरवाइसर, म्हणजे अजून आंबत असलेली ताजी वाइन, चुकवू नये. बाटलीचे झाकण मुद्दाम सैल असते, कारण आतला वायू बाहेर पडावा लागतो. मी ती पाठपिशवीत आडवी ठेवली होती आणि वीसबाडेन येईपर्यंत माझे जाकीट, पासपोर्ट आणि शेजारच्या आजींची छत्री गोड झाली. सोबत श्पुंडेकेझ नावाचे चीज मागवावे, त्यात मांस नसते. कांद्याच्या केकमध्ये मात्र अनेकदा डुकराचे मांस असते, विचारून घ्यावे.

पिंपळपान
खवय्या, आईबाबा दारू घेत नाहीत. बाबांना वाइनशी नव्हे, द्राक्षांशी घेणे आहे. ते निफाड तालुक्यातले बागायतदार आहेत; तीस वर्षे थॉमसन जातीची द्राक्षे लावत आहेत.

निवृत्त_मास्तर
अहो, हे सगळ्यात शेवटी सांगता! मग स्मारक आणि बुरूज दुय्यम आहेत. कावेरीकाठ यांचा बेत ठेवावा, पण दोरगाडीपूर्वी तासभर गावाच्या वरच्या अंगाच्या पहिल्याच मळ्याकडे वडिलांना न्यावे. त्यांना पाहायला खूप आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी अशा दोन छाटण्या होतात, कारण वेल थंडीने झोपतच नाही. इथे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो आणि छाटणी एकदाच होते. मांडव नाही, तारांच्या उभ्या ओळी आहेत. वेलीवर एक-दोन काड्या ठेवून त्या कमानीसारख्या वाकवून तारेला बांधतात. मुळे मात्र दोन्हीकडे अमेरिकन आहेत: आपल्याकडे डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलम करतात तसे इथेही फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीच्या साथीनंतर अमेरिकन खुंटावरच कलम करतात. आणखी एक गोष्ट, काढणीच्या काळात काही ओळींपाशी ‘मळा बंद’ अशी पाटी असते. तिथे आत जाऊ नये आणि कुठेही घड तोडू नये, एकही मणी नाही.

रानवाटा
मास्तर, हे सगळे माहितीपूर्ण आहे, पण ऱ्हाइनश्टाइगवरूनही हेच मळे दिसतात.

पिंपळपान
(रविवारी सकाळी)
कावेरीकाठ यांचा बेत आणि मास्तरांचा तास, असेच केले. पाटी होती, म्हणून बाबा ओळीच्या तोंडाशीच उकिडवे बसले. मण्याला हात न लावता त्यांनी एका वेलीवरचे घड मोजले, तेरा भरले, आणि म्हणाले, “एवढेच? आणि मणी वाटाण्याएवढा? विरळणी केलीच नाही की काय?” मग रीस्लिंग या वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान असणेच इथे हवे असते, हे मी वाचून सांगितले, त्यांना ते पटले नाही. आईला खुर्चीवरून उतरताना तिथल्या मुलाने हात दिला. गुडघा आज ठीक आहे.

आता बाबांचा प्रश्न असा : इतक्या उभ्या उतारावर भुरी रोगासाठी फवारणी कशी करतात? ट्रॅक्टर तर उलटा पडेल. विमान संध्याकाळी सात वाजता आहे, तोपर्यंत उत्तर हवे.

निवृत्त_मास्तर
कमी उतारावर पट्ट्याच्या चाकांचा ट्रॅक्टर जातो, आणि त्याहून उभ्या जागी वर उभ्या केलेल्या यंत्राच्या दोराने अवजार ओढून घेतात. मोझेल नदीकाठच्या आणि ऱ्हाइनकाठच्या फार उभ्या मळ्यांवर मात्र हेलिकॉप्टरने फवारतात; आता ड्रोनही आले आहेत.

पिंपळपान
सांगितले. बाबा विचारतात, हेलिकॉप्टरचे भाडे एकरी किती पडते?