मदत हवी आहे : बंदीच्या आधी राजीनामा मागतात

रत्नागिरीजवळच्या एका मासे प्रक्रिया कारखान्यात कोळंबी ग्रेडिंगला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, माल येत नाही, हे समजू शकते. पण मॅनेजर दर मे महिन्यात सगळ्यांकडून राजीनाम्यावर सह्या घेतो आणि ऑगस्टला 'नवीन' म्हणून परत घेतो. सही नाकारली की ऑगस्टला फोनच येत नाही. त्याच्या मर्जीतल्यांना मात्र बंदीतही कामावर ठेवतात! सीझनला बारा-बारा तास उभं राहायचं, जादा तासांचा दुप्पट दर कागदावरसुद्धा दिसत नाही.

माझी पाच वर्षं भरत आलीत. हंगामी कारखान्यात जितके दिवस काम चालतं त्याच्या ७५ टक्के हजेरी असली तर ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळते ती रक्कम) वर्ष धरतात ना? मग हा राजीनामा आड येतो का? उमंग अ‍ॅपवरच्या पीएफ पासबुकात सगळे महिने दिसतात, तो पुरावा चालेल?

सहाय्यक कामगार आयुक्तांकडे कोणी गेलंय का? तक्रारदाराचं नाव कारखान्याला कळतं का, तेवढं आधी सांगा. घरात पगार माझा एकटीचाच आहे.