शब्दचर्चा : 'सद्गुणी स्त्री' म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न

आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ज्येष्ठ भगिनीचा गौरव करायचा आहे आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सुरुवात बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायातल्या 'सद्गुणी स्त्री'ने करा, असं पाळकांनी (आमच्या धर्मगुरूंनी) सुचवलं. पण 'सद्गुणी' म्हटलं की मला खाली मान घालून बसलेली, कुणाला उलट न बोलणारी बाई दिसते. या बाई तशा अजिबात नाहीत. हिशेबात गफलत दिसली तर भर बैठकीत पाळकांचीही गय करत नाहीत. शीलवती, साध्वी, चारित्र्यवान, भाविक, देवभीरू यांपैकी कुठला शब्द बसेल? आणि मुळात तिथे कोणता शब्द आहे?

उत्तर

ताई, मुळात हिब्रूत 'एशेत हायिल' आहे. 'एशेत' म्हणजे स्त्री, हा भाग सोपा. गंमत 'हायिल'मध्ये आहे. ताकद, सैन्य, संपत्ती, कर्तबगारी असे त्याचे अर्थ. बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात इस्राएलाच्या पाठीमागे लागलेल्या फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, सैन्याला हाच शब्द आहे. शास्ते ६ मध्ये देवदूत गिदोनाला 'पराक्रमी वीर' म्हणतो, तिथेही हाच. निर्गम १८ मध्ये न्यायनिवाड्यासाठी मोशेने माणसं निवडायची असतात, तीसुद्धा 'हायिल' असलेली. पुरुषापुढे आला की पराक्रमी, लायक, मातब्बर, आणि बाईपुढे आला की सद्गुणी!

ग्रीक भाषांतरकारांनी नीतिसूत्रांत यासाठी 'आन्द्रेइया' वापरला. तो 'पुरुष' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, म्हणजे आपल्याकडच्या 'मर्दानी'चाच साचा. लॅटिनमध्ये 'फोर्तिस', म्हणजे बलवान. तेव्हा तुम्हाला दिसणारी खाली मान घातलेली बाई मुळात तिथे नाहीच.

अध्याय पुढे वाचा. ही स्त्री शेत पाहून-पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते, गरिबाला हात देते आणि बोलते तेव्हा शहाणपणाचं बोलते. पंधराव्या ओवीत ती घरच्यांना 'अन्न' देते असं आपण वाचतो, तिथला हिब्रू शब्द एरवी सिंहाच्या शिकारीला वापरतात. अकराव्यातला 'लाभ' तर चक्क लढाईतली लूट आहे. कवीने वीरगाथेची भाषा घरात आणली आहे आणि १० ते ३१ अशा बावीस ओव्या हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने बांधल्या आहेत.

माझं मत विचाराल तर 'कर्तबगार स्त्री'.

दुसरं मत

'कर्तबगार' अर्थाला जवळचा आहे, पण त्यात श्रद्धा कुठे आली? कर्तबगार तर कुणीही असू शकतं. त्याच अध्यायाच्या तिसाव्या ओवीत सांगितलंय की सौंदर्य फसवं आहे, स्तुती व्हायची ती परमेश्वराचं भय धरणाऱ्या स्त्रीची. ते भय काढलं तर उरलेली यादी कुठल्याही यशस्वी व्यावसायिक बाईला लागू पडेल.

तुम्ही दिलेल्या शब्दांबद्दल थोडं. 'साध्वी' नको, ऐकणाऱ्याला संन्यासिनी आठवते. 'भाविक' ठीक आहे, पण तो प्रार्थनेला येणाऱ्या सगळ्यांनाच लागतो. 'देवभीरू' अर्थाने बरोबर, पण हिशेबावरून पाळकांना धारेवर धरणाऱ्या बाईला 'भीरू' म्हटलं तर सभागृहात हशा पिकेल. 'विश्वासू'ही जपून वापरा, त्याला 'विश्वासू नोकर'चा वास आहे. प्रभूवर विश्वास ठेवणारी म्हणायचं असेल तर मंडळीत रुळलेलं 'विश्वासणारी' बरं.

'शीलवती' आणि 'चारित्र्यवान' यांचा मला राग आहे, म्हणजे शब्दांचा नाही, त्यांचं जे झालंय त्याचा. पुरुषाचं चारित्र्य म्हटलं की त्याने पैसे खाल्ले का ते बघतात. बाईचं चारित्र्य म्हटलं की एकच गोष्ट. या भगिनीने मंडळीचा पैसा वर्षानुवर्षं चोख सांभाळला असेल तर ते चारित्र्यच आहे, पण 'शीलवती' म्हटल्यावर ते कुणाच्या डोक्यात येणार नाही. 'सचोटीची' म्हणा. कुणाचा गैरसमज होणार नाही.

प्रश्नकर्ती

आणखी एक अडचण. या बाई अविवाहित आहेत. नीतिसूत्रांतली स्त्री नवऱ्याच्या, मुलांच्या संदर्भात येते. ते वचन वाचलं तर त्यांना टोचेल का?

उत्तर

रूथ ३:११ वाचा. बवाज नावाचा शेतमालक रूथला म्हणतो की तू कशी स्त्री आहेस हे गावच्या वेशीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे अक्षरशः हेच दोन शब्द आहेत, 'एशेत हायिल'. ती तेव्हा कोण होती? मवाबी परदेशीण, विधवा, मूल नाही, जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवणारी. नवरा, घर, द्राक्षमळा असल्यानंतर मिळणारी ही पदवी नव्हे. बवाजालाही आदल्या अध्यायात 'हायिल'वालाच म्हटलंय, म्हणजे दोघं तोलामोलाची. हिब्रू बायबलच्या काही जुन्या हस्तलिखितांत तर नीतिसूत्रांच्या लगेच पुढे रूथ येतं. एकीकडे वर्णन संपलं की दुसरीकडे ती बाई शेतात उभीच.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, हवं असेल तर फिबी घ्या. रोम १६ मध्ये प्रेषित पौल तिला किंख्रियाच्या मंडळीची 'दियाकोनोस' (सेवक) म्हणतो, जो शब्द तो स्वतःलाही लावतो. शिवाय ती अनेकांची आणि माझीही साहाय्यकर्ती झाली, असं सांगतो. नवऱ्याचा उल्लेख नाही. थुवतीराची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची, फिलिप्पैतल्या तिच्या घरात पौल उतरला. तिथेही नवऱ्याबद्दल अवाक्षर नाही. टबीथा ऊर्फ दुर्कस हिच्यासाठी प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये 'शिष्या' असं स्त्रीलिंगी रूप आहे, नव्या करारात ते एवढ्या एकाच ठिकाणी येतं.

तिसरं मत

सगळे विशेषणावर अडलात, मला 'सन्मान' या शब्दावर बोलायचंय. १ तीमथ्य ५:३ मध्ये खरोखर निराधार असलेल्या विधवांचा सन्मान कर असं पौल सांगतो. तिथला ग्रीक शब्द 'तिमे'च्या कुळातला. 'तिमे' म्हणजे मान, आणि किंमतही. जमिनी विकून आलेल्या रकमेला प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये तोच शब्द आहे. त्याच तीमथ्याच्या अध्यायात पुढे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी चालवणाऱ्या ज्येष्ठांना, दुप्पट मान द्या म्हटलंय आणि लगेच मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नका, कामकरी मजुरीला पात्र आहे, अशी पुस्ती जोडली आहे. विधवांचा सन्मान म्हणजे त्यांच्या पोटापाण्याची सोय. आपल्याकडे 'मानधन' हा शब्द आहेच (संस्कृतात मात्र तो 'मान हेच ज्याचं धन' असा मानी माणूस, पण ते असो).

नीतिसूत्रांचा शेवटही तसाच: तिच्या हातांचं फळ तिला द्या, आणि वेशीत तिची कामंच तिची स्तुती करोत. आधी द्या, मग स्तुती. मानपत्र सुंदर होईलच, पण त्या बाईंचं औषधपाणी कोण बघतं हेही बैठकीत विचारा.

प्रश्नकर्ती

विचारते. तोपर्यंत मसुदा असा केलाय: वचन लोकांना पाठ आहे म्हणून 'सद्गुणी स्त्री' तसंच ठेवलं. खाली: "प्रभूवर विश्वासणारी, सचोटीची आणि कर्तबगार अशी ही आमची भगिनी. मंडळीची पै न् पै तिने सांभाळली, संडे स्कूलमध्ये आमच्या दोन पिढ्या शिकवल्या, आणि जिथे चुकलो तिथे आम्हाला तोंडावर सांगितलं." शेवटचं वाक्य पाळकांनी हसत हसत मान्य केलं. 'कर्तबगार'चं स्त्रीलिंगी रूप काही वेगळं होतं का?

उत्तर

नाही, दोन्हीकडे 'कर्तबगार'च. आणि 'सद्गुणी' लिहिताना 'सत्गुणी' होणार नाही एवढं बघा, छापखान्यात हमखास होतं.