बागेतली बांडगुळं: काढायची की राहू द्यायची?

झाडवेडा:
शहरातल्या बागांमधल्या जुन्या झाडांवर बांडगुळं माजलीयत. कित्येक आंबे असे की निम्मी पानं त्यांची स्वतःची नाहीतच! बांडगूळ हिरवं असतं, अन्न स्वतः तयार करतं, मान्य. पण पाणी आणि क्षार ओढतं झाडाच्या फांदीतून. पाण्याची चणचण असली की झाड पानांची रंध्रं मिटून घेतं, बांडगूळ मात्र पीतच राहतं. मग बांडगूळ जिथे फांदीला जोडलेलं असतं त्या गाठीपुढची फांदी वाळते. माझं मत, दरवर्षी सरसकट छाटणी व्हावी.

फांदीवरून:
सरसकट? साफ असहमत. बांडगुळाच्या फुलांतल्या मधावर शिंजीर पक्षी येतात, फळांवर फुलटोचे पक्षी जगतात, पानांवर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या वाढतात. ऑस्ट्रेलियात जंगलाच्या काही तुकड्यांतून सगळी बांडगुळं काढून पाहिली (निष्कर्ष २०१२ साली आले). तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती साधारण पाचव्या हिश्शाने घटल्या.

झाडवेडा:
जंगल आणि बाग एक नव्हे हो. बागेत झाडं मोजकी, आणि खाली पोरं खेळतात. वाळकी फांदी डोक्यात पडली तर जाब कुणाला विचारायचा, फुलपाखराला?

कुंपणापलीकडे:
फुलटोच्याचं काम नीट बघा, म्हणजे 'सरसकट'चा हट्ट सुटेल. फळ गिळल्यावर काही मिनिटांत बी बाहेर येते, तीही इतकी चिकट की पक्ष्याला बूड फांदीवर घासावं लागतं. बी तिथेच रुजते. बहुतेक वेळा ते त्याच झाडावर, नाहीतर शेजारच्या. म्हणून एक झाड लगडलेलं आणि पलीकडचं मोकळं दिसतं. लगडलेलं हाताळा, एखाद-दुसरा झुबका असलेल्याला हात लावू नका.

आणि आकडीने वरवर ओरबाडणं बंद करा. शोषमुळं, म्हणजे बांडगुळाची फांदीत घुसलेली मुळं, आतच राहतात, पुन्हा फुटतात. गाठीच्या बरंच अलीकडे फांदीच कापावी लागते. खोडावर असेल तर तेही जमत नाही, वेळोवेळी खुडत राहायचं.

फांदीवरून:
हे पटलं. शिवाय बुंध्याला खेटून काँक्रीट ओतायचं, मुळांना पाणी मिळू द्यायचं नाही आणि झाड खंगलं की खापर पाखरावर!

झाडवेडा:
काँक्रीट फोडाच, कोण नको म्हणतंय? पण तोवर लगडलेल्या झाडांवरची छाटणी थांबवायला मी तयार नाही. बांडगुळाची फळं पिकायच्या आत उरकायची.

फांदीवरून:
आधी घरटी तपासून, मग.