महिला वॉटर पोलो बघताना नक्की कुठे बघायचं?

रात्रपाळी:
पॅरिस २०२४ ची महिला वॉटर पोलो फायनल पूर्ण बघितली, स्पेननी ऑस्ट्रेलियाला ११-९ हरवलं ती. आवडली खूप, पण निम्मा वेळ कळतच नव्हतं काय चाललंय. सारखी शिट्टी वाजते तरी खेळ थांबत नाही, आणि मग मधेच एका शिट्टीला एखादी निमूट पोहत कोपऱ्यात जाते, ती का? शिवाय गोलसमोर दोघीजणी बॉल लांब असतानाही एकमेकींना भिडलेल्या असतात, त्यांना कोणी काही बोलत कसं नाही? पुढची वर्ल्ड चँपियनशिप समजून बघायचीय, प्लीज कोणीतरी सांगा.

निळी_टोपी:
त्या दोघींचं विचारलंस ना, अर्धी मॅच तिथेच असते. गोलकडे पाठ करून असते ती सेंटर, आणि तिला मागून चिकटलेली ती डिफेंडर. बाकीच्या बाहेरून बॉल फिरवत राहतात ते एक तर सेंटरला चांगला पास मिळावा म्हणून, नाहीतर तिला अडवता अडवता समोरचीनी मोठा फाउल करावा म्हणून.

नियम असा आहे की जिच्या हातात बॉल आहे तिला धरलं, दाबलं तरी चालतं, पण तिनी बॉल सोडला आणि तरी धरून ठेवलं की फाउल. म्हणून सेंटरकडे बॉल आला की नीट बघ, बऱ्याचदा ती लगेच बॉल सोडून हात वर करते, म्हणजे रेफरीला दिसावं की बॉल माझ्याकडे नाही आणि ही मला सोडत नाहीये. साधा फाउल असेल तर फक्त फ्री थ्रो, तो पटकन घेऊन टाकतात म्हणून शिट्टी वाजूनही खेळ चालूच राहतो. बॉल नसताना धरून ठेवलं, बुडवलं, मागे खेचलं तर एक्स्क्लूजन, म्हणजे थोड्या वेळासाठी खेळाबाहेर, पॅरिसला ते २० सेकंदांचं होतं. कोपऱ्यात जाते ती याच्यासाठी. गोल झाला किंवा तिच्या टीमला बॉल परत मिळाला तर ती आधीच आत येऊ शकते.

त्या २० सेकंदात सहा जणी पाच जणींवर अटॅक करतात. पाचही जणी हात वर करून पाण्याच्या वर उठतात, आणि पायाखाली टेकायला काहीही नसतं! पाणी किमान १.८ मीटर खोल, आणि गोलकीपर सोडून कोणी तळाला पाय लावून खेळायचं नाही. दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत राहायचे, त्याला एगबीटर म्हणतात. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा शॉट दाखवतात तेव्हा बघच, वरून काही कल्पनाच येत नाही त्या मेहनतीची.

फ्री_थ्रो:
वरच्याला जोडून, शिट्टी म्हणजे नुसती अडवणूक नाही. गोलपासून ६ मीटरच्या बाहेर फाउल झाला आणि बॉलही बाहेर असेल तर तिथूनच थेट गोलवर मारता येतं. सिडनी २००० ची फायनल बघ, महिलांना ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा संधी मिळाली ती तिथे, पुरुषांचं वॉटर पोलो मात्र १९०० पासून आहे!! ऑस्ट्रेलिया-अमेरिका ३-३, घड्याळात १.३ सेकंद, इव्हेट हिगिन्सला लांबवर फ्री थ्रो मिळाला, तिनी थेट मारला आणि ४-३. अंतराचा नियम तेव्हा वेगळा होता, पण तत्त्व हेच. आणि त्या स्पर्धेत जागा मिळावी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या खेळाडू स्विमसूट आणि टोप्या घालून सिडनी विमानतळावर ऑलिंपिकच्या अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या होत्या. मला त्या गोलइतकंच हेही महत्त्वाचं वाटतं.

सहा_विरुद्ध_पाच:
सेंटर महत्त्वाची आहेच, पण नवीन माणसानी आधी रेफरीचे हात बघावेत असं माझं मत. दोघे रेफरी दोन बाजूंनी काठावरून चालतात. एक हात अटॅकची दिशा दाखवतो, दुसरा फ्री थ्रो कुठून घ्यायचा ते. कोणाला बाहेर काढलं तर आधी तिच्याकडे हात, मग बाहेरच्या दिशेने, आणि मग बोटांनी टोपीचा नंबर. एवढं समजलं की खेळ उलगडतो. त्यानंतर गोलकीपर, लाल टोपी. गोल ३ मीटर रुंद, पाण्याच्या वर ९० सेंटिमीटर, आणि अमेरिकेची अॅशली जॉन्सन त्यात वर उठली की तो केवढासा वाटायला लागतो.

अजून एक, महिलांचा खेळ संथ असतो असं कोणी म्हणालं तर त्यांना पॅरिसच्या दोन्ही सेमीफायनल दाखव, दोन्ही पेनल्टी शूटआउटपर्यंत गेल्या. तरी महिलांच्या १० टीम आणि पुरुषांच्या १२, हे मला अजिबात पटलं नव्हतं. लॉस एंजेलिस २०२८ ला महिलांच्याही १२ आहेत, बरं झालं.

रात्रपाळी:
भारी माहिती दिलीत सगळ्यांनी, थँक्यू! आता रेफरीचे हात बघत दुसरा क्वार्टर परत लावला आणि एक्स्क्लूजन कमेंट्रीच्या आधी कळायला लागली. एकच राहिलं, तीच डिफेंडर सारखी बाहेर गेली तर?

निळी_टोपी:
तीन मोठे फाउल झाले की तिची मॅच संपली, तिच्या जागी बदली प्लेयर येते. त्यामुळे दोन झाले की कोच बहुतेक वेळा तिला सेंटरवरून हलवून बाजूला लावतात, आणि समोरची टीम मुद्दाम बॉल घेऊन तिच्याच अंगावर जाते. शेवटच्या क्वार्टरमध्ये कोणाचे किती झालेत हे लक्षात ठेवून बघ.